घरचा वाफा

माय,

परवाच्या गुरुवारी मी वहिनीला पालेभाजी खाऊ घातली. तेहतीस वर्षांत तिनं पालेभाजीचा घास घेतला नव्हता, लग्नाच्या पंगतीत नाही की आजारपणात नाही, आणि घेतला तो माझ्या हातचा. ती जेवत होती तेवढा वेळ मी समोर बसून होते. तू जाऊन बावीस वर्षं झाली. तुला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच, पण जी गोष्ट आपल्या दोघींनाच माहीत होती ती आता बोलायची तरी कोणाशी? तू चौथीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर मी अकोल्याहून पाठवलेली पत्रं तू ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायचीस. त्यांत मी हवापाणी लिहायचे, नवऱ्याची बदली लिहायचे, सासूची कंबर लिहायचे. हे कधी लिहिलं नाही. पत्र आधी बाबांच्या हाती पडायचं.

आधी भाजीचं सांगते, कारण तू आधी तेच विचारलं असतंस. आमच्या घराच्या मागे चार वाफे होतील एवढी जागा आहे. बोअरचं पाणी खारं. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी तुला म्हटलं होतं की इथं चहासुद्धा फाटतो, तर तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. या पाण्यावर पालकाच्या कडा करपतात आणि मेथी दोन बोटं वर आली की पिवळी पडते. मागच्या दिवाळीला माझ्या मुलीनं बियांचं एक पाकीट आणलं, स्विस चार्ड म्हणून. बी बीटासारखंच, खडबडीत. मी नाक मुरडलं, पण लावलं, आणि ते असं माजलं की विचारू नकोस. पान पालकासारखं, पण जाड आणि सुरकुतलेलं. देठ एकाचा लालभडक, एकाचा पिवळा, एखादा गुलाबी. खाऱ्या पाण्याचं त्याला काहीच वाटत नाही. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, हे शोभेचं आहे की खायचं? देठ शिजायला वेळ लागतो, म्हणून ते आधी टाकायचे आणि पानं मागून. चवीला थोडं मातकट, थोडं खारट. आंबटपणा अजिबात नाही, म्हणून चिंच घालावी लागते. तुझ्या पातळ भाजीत चिंच लागायची नाही, कारण तिच्यात चुका असायचा.

चुक्याचं नाव लिहिलं आणि हात थांबला. असू दे, लिहितेच.

आपल्या शेतात विहिरीपासून निघालेला पाण्याचा दांड मधोमध जायचा. दांडाच्या पलीकडे बाजाराचे वाफे, पालक, मेथी, चुका, सांबार म्हणजे कोथिंबीर, ओळीनं हिरवेगार. अलीकडे शेवग्याखाली घरचा एकच वाफा, त्यात सगळ्याची थोडीथोडी सरमिसळ. बाबांचा फवारणीचा पंप दांड ओलांडून अलीकडे यायचा नाही, हा तुझा नियम. बाबा एरवी कोणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते, पण हा नियम त्यांनी पाळला. भातकुलीच्या रस्त्यावरच्या सगळ्याच भाजीवाल्यांच्या शेतात असा एक वाफा असायचा आणि त्याबद्दल चारचौघांत कोणी बोलायचं नाही. आपल्या वाफ्यातली पानं चाळणीसारखी. भाजी तोडायला बसलीस की तू पान उजेडात धरून बघायचीस. ‘पानाले भोक पाहिजे,’ म्हणायचीस, ‘अळीनं खाल्लं थेच आपून खावं.’ अंगणवाडीच्या बाईंनी भिंतीवर लावलेल्या तक्त्यांपेक्षा मला हे जास्त पाठ होतं.

मी दहा वर्षांची असेन. बाजाराच्या आदल्या दिवशी आपण दोघी ओसरीत बसून जुड्या बांधतो आहोत, केळीच्या सोपटानं, पन्नास झाल्या की गोणपाटाखाली. मी तुला विचारते, मग अमरावतीचे लोक काय खातात? तुझ्या हातात ओली मेथी आहे. ती तू माझ्या पाठीत मारतेस. मेथीचा मार काय लागणार, पण पाणी फ्रॉकच्या आत गेलं आणि मी शहारले. ‘थे धुऊन खातात,’ तू म्हणालीस, ‘तू जुडी बांध.’ त्या दिवशी तू नंतर माझ्याशी बोलली नाहीस, आणि जेवताना माझ्या भाकरीवर लोणी मात्र जास्त वाढलंस. तुझं मन तुला खात होतं हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की धुतलं की झालं.

वहिनी आली तेव्हा मी अठरा वर्षांची होते. अकोल्याच्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराची मुलगी, तिच्या पेटीत टाचेच्या चपलांचे दोन जोड. चिखलात एक जोड पहिल्याच आठवड्यात मोडला. मी तिच्या मागेमागे असायचे. तिनं मला केस कापून दिले, तुला न विचारता, आणि बोलणी तिनं खाल्ली. कॉलेजात घालायला तिनं मला तिचा आकाशी कुडता दिला. दादाला आपली बायको आवडली त्याहून मला माझी वहिनी जास्त आवडली असं बाबा चिडवायचे. मग एक दिवस तिच्या ताटात, पालकाच्या भाजीत, शिजलेली अळी निघाली. ती ताट सोडून मोरीकडे धावली. तू भाकर थापताथापता म्हणालीस, ‘अळीच होती, साप नोता.’ ती दिवसभर रडली. तुमचं बिनसलं ते तिथून, आणि मी तिच्या बाजूनं होते, हे तुला माहीत होतं.

तिला सातवा महिना लागला होता. संक्रांत झाली की बाळंतपणाला अकोल्याला जायची होती. डोहाळे आंबटाचे. चुक्याची पातळ भाजी हवी म्हणाली, शेंगदाणे जास्त घालून. तू मला सकाळी टोपली दिलीस आणि सांगितलंस, घरच्या वाफ्यातला चुका आण. मला नऊच्या एसटीनं अमरावतीला कॉलेजला जायचं होतं, पण घाई होती असं म्हणणार नाही. घाई नव्हती. मी शेवग्याखाली बसले, चार पानं तोडली, चारींना भोकं, एकाच्या मागे अंडी. मला तिचं मोरीकडे धावणं आठवलं. दांडापलीकडे चुक्याची पानं तळहाताएवढी, तुकतुकीत. मी दांड ओलांडला. खाली बसले तेव्हा वास आला. बाबांचा पंप तिथंच बांधावर ठेवलेला होता, आणि मी स्वतःला सांगितलं की वास पंपाचा आहे. पंप ओला होता, हेही मला दिसलं होतं. पण मी कॉलेजात मैत्रिणींच्या डब्यातली बाजारची भाजी दीड वर्ष खात होते आणि मला काही झालं नव्हतं. सगळी अमरावती खाते, कोण मरतं? घरी येऊन मी चुका मिठाच्या पाण्यात दोनदा धुतला. मग एरवी कधी न करणारी मी भाजी चिरायला बसले, बारीक, अगदी बारीक, आणि चिरलेली परात तुझ्यासमोर ठेवली. तू म्हणालीस, आज सूर्य कुठून उगवला. चिरलेल्या भाजीत भोकं आहेत की नाहीत ते कोणाला दिसत नाही. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मी चिरली.

भाजी थोडी, तिच्यापुरतीच. बाकीच्यांना पिठलं होतं. हे मला संध्याकाळी कळलं, पाच वाजता घर बंद दिसलं तेव्हा. शेजारच्या काकूंनी सांगितलं की वहिनीला उलट्या, जुलाब, तोंडाला फेस, सगळे अमरावतीला दवाखान्यात. मी उलट पावली एसटी पकडली. ऐन थंडीत तिच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं होतं की घरात भांडण झालं होतं का, हिनं फवारणीचं औषध घेतलं का. शेतातल्या घरची सून अशी आली की तिथं आधी तेच विचारतात. तिचे आईवडील अकोल्याहून आले आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाले की आमच्या पोरीला तुम्ही यावर आणलंत. दादाचं तोंड राखेसारखं झालं होतं. तो तुझ्यासमोर येऊन उभा राहिला. भाजी कोणत्या वाफ्यातली होती, त्यानं विचारलं.

मी तुझ्या बाजूला, पिशवी छातीशी धरून. मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

‘म्या तोडला चुका. नजर कमी झाली मही. दांड समजला नाही मले.’

पोरीनं औषध घेतलं नाही, एवढं त्या एका वाक्यानं सिद्ध झालं, आणि तुझं आयुष्य संपलं. तुला केव्हा कळलं, माय? भाजी फोडणीला टाकताना वास आला होता का? की मी परात ठेवली तेव्हाच? नाही, तेव्हा कळलं असतं तर तू ती परात उकिरड्यावर नेऊन पालथी घातली असतीस. मला वाटतं तिला पहिली उलटी झाली तेव्हा तू शेतात धावत गेलीस आणि दांडापलीकडे ताजे तोडलेले देठ पाहिलेस. हे मी तेहतीस वर्षं मनाशी रचते आहे. तुला विचारायचं धाडस झालं नाही.

तिसऱ्या दिवशी बाळ गेलेलंच आलं. मुलगी होती. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बाबा आणि दादा घेऊन गेले, मला फक्त पाय दिसले, बोटं पूर्ण झालेली. डॉक्टर म्हणाले होते की बाळ कशानं गेलं हे नक्की सांगता येत नाही. त्या ‘नक्की’ शब्दाला धरून मी पुष्कळ वर्षं काढली. आता तो शब्दही पुरत नाही. ती माझ्यामुळे गेली, हे मला माहीत आहे.

दादा-वहिनी परत राहायला आले नाहीत. दादा सासऱ्याच्या दुकानात काट्यावर खिळे तोलायला बसला, त्याच्यासारखा माणूस, ज्याला कोणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. बाबांनी पुढच्या हंगामापासून भाजीपाला बंद केला आणि सगळीकडे तूर पेरली. ते एकदा मला म्हणाले होते की वाऱ्यानं औषध दांडाच्या अलीकडे उडालं असेल, दोष तुझ्या मायच्या डोळ्यांचा नसेलही. तेही आपलं ओझं घेऊन गेले, आणि मी त्यांनाही सांगितलं नाही.

आणि तू आंधळेपणाचं नाटक करायला लागलीस. तांदळातला बारीक खडा तू लांबून टिपायचीस, एवढी तुझी नजर. पण दादा सणावाराला तासाभरासाठी आला की तू सुई-दोरा काढून त्याच्या हातात द्यायचीस, ओवून दे रे. चालताना उंबरठा चाचपायचीस. गावात डोळ्यांचं शिबिर आलं तेव्हा सगळ्या बायका गेल्या आणि तू शेतात जाऊन बसलीस, कारण डॉक्टरनं डोळे चांगले आहेत म्हटलं असतं तर? घरचा वाफा तू तेवढा चालू ठेवलास, आणि कोणी पाहत नसलं की तसंच पान उजेडात धरून बघायचीस. मी माहेरपणाला आलेली असताना तुला तसं बघताना पाहिलं की मी आत निघून जायचे. मला तुझी दया यायची आणि तुझा रागही यायचा, दोन्ही एकदम.

वहिनीनं तुझ्या हातचं परत कधी खाल्लं नाही. पाणीसुद्धा बाटलीत भरून आणायची. सहा वर्षांनी तिला मुलगी झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता सगळं निवळेल. ती चार वर्षांची असताना एकदा दसऱ्याला आले होते ते. पोरगी तुझ्या मांडीवर येऊन बसली, आणि तू काय करावं ते न सुचून डब्यातला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातलास. वहिनी आतून आली. तिनं पोरीचं तोंड उघडलं, बोट घालून गूळ काढला आणि दाराबाहेर टाकला. मग पोरीला चूळ भरायला लावली. तू हात मांडीवरच ठेवून बसून होतीस, गुळानं चिकट झालेले. मी दारात होते. मला चार पावलं टाकून एक वाक्य बोलायचं होतं. मी ओटीवरचं पाखडायचं सूप उचललं आणि मागच्या अंगणात गेले.

एकदा मी बोलायला निघाले होते, हे तरी माझ्या नावावर राहू दे. माझ्या हळदीच्या आदल्या दिवशी. तू चुलीजवळ पुरणाची दाळ वाटत होतीस, घरात पाहुणे भरलेले. मी तुझ्या कानाशी बसून म्हटलं की मी वहिनीला खरं सांगणार आहे. तू वाटायची थांबली नाहीस.

‘काहून व? सांगून लेकरू वापस येते का? मी मेल्यावर तुले माहेर कोनाचं? दादाचंच ना. थे दार मी माह्या हातानं लावून नाही घेत.’

आणि मग म्हणालीस की वेलदोडे सोलून दे. मी सोलले. त्या क्षणी मला किती बरं वाटलं ते मी कोणाजवळ बोलले नाही. तू मला गप्प राहायला सांगितलंस आणि मला तेच हवं होतं. पुढे मी स्वतःला सांगत राहिले की मी आईचा शब्द पाळते आहे. भारी सोय झाली. पण तुझ्यावरही माझा राग आहे, तो आज काढते. तू मला विचारलं नाहीस. त्या व्हरांड्यात मी बोलले असते, तर दादानं मला मारलं असतं, वहिनीनं माझं तोंड पाहिलं नसतं, कदाचित लग्नही जमलं नसतं, पण मी एकोणीस वर्षांची होते, त्यातून उभी राहिले असते. तू माझ्या जागी उभी राहिलीस आणि मला कायमची तुझ्यामागे लपवलंस. आता मी बावन्न वर्षांची आहे, आणि अजून तुझ्या पदरामागेच आहे.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. दुकानातच, छातीत कळ येऊन. त्याची मुलगी पुण्याला असते. वहिनी अकोल्यात एकटी, माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तू म्हणत होतीस तेच झालं, माझं माहेर आता ती आहे. रक्षाबंधनाला दादाच्या फोटोपुढे राखी ठेवायला मी तिच्याकडेच जाते, दिवाळीला ती मला साडी घेते. दर गुरुवारी ती माझ्याकडे जेवते. वरण, भात, वांगं, बटाटा, काहीही चालतं, पाला सोडून. या थंडीत तिला चक्कर आली, तपासलं तर अंगात रक्तच नाही. डॉक्टर म्हणाले हिरव्या भाज्या खा. तिनं गोळ्यांवर भागवायचं ठरवलं, त्या तिला पचेनात. मग परवाच्या आधीच्या गुरुवारी ती माझ्या मागच्या दारात उभी राहून त्या रंगीत देठांकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुझ्या या वाफ्यातलं करशील तर खाऊन पाहीन.

मी परवा सकाळी भाजी तोडली. एकेक पान उजेडात धरलं. माझ्या घरात औषधाची बाटली नाही, कधी नव्हती, मला माहीत आहे, तरी मी वास घेतला, पुन्हा घेतला, एक पान तसंच कच्चं चावून तासभर थांबले. हात धुतले. देठ वेगळे चिरले, पानं जाडसर, ओळखू येतील अशी. चण्याची दाळ आणि शेंगदाणे आधी शिजवले, त्यात देठ, मग पानं, मग बेसन लावून चिंचेचा कोळ, वरून लसणाची फोडणी. लाल देठांचा रंग उतरून भाजी गुलाबीसर झाली. मला वाटलं ती रंग पाहूनच ताट सारेल. तिनं भाकर कुस्करली, वर भाजी घेतली आणि पहिला घास डोळे मिटून खाल्ला. मग हळूहळू खात राहिली. बरी लागते म्हणाली, थोडी बीटासारखी. मग तिला तुझी आठवण आली.

ती म्हणाली, ‘तुह्या मायवर मही भाजीची खुन्नस नाही. चूक कोनाची बी होते. पन एवढी वर्षं गेली, एकदा मह्यासमोर येऊन माफ कर म्हटलं नाही तिनं. गोट्यासारखी बसून राहिली. थे नाही विसरत मी.’

मला तेव्हा कळलं, माय. तू खोटं कबूल केलंस, पण खोटी माफी तुला मागता आली नाही. जे केलं नव्हतं त्याच्यासाठी हात कसे जोडणार? आणि जिनं जोडायला हवे होते, ती शेजारी बसून वेलदोडे सोलत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं, ऐकायला वहिनी तयार होती. इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळायची नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिची मान बारीक झाली आहे, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. ती म्हणाली, ‘तुह्या हातचं मात्र मी डोळे मिटून खाते. तू एकटीच त्या घरात मही होती.’

मी म्हटलं, वहिनी, अजून थोडी घेता का? तिनं ताट पुढे केलं. मी वाढली.

आता एक सांगते. तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं स्वयंपाकघरात होते. मी नंतर इतकी रडले की शेजारच्या बायकांनी मला धरून ठेवलं. पण रडू यायच्या आधी मला हलकं वाटलं होतं. ज्याला माहीत आहे असं आता कोणी उरलं नाही, हे पहिल्यांदा मनात आलं, आणि तू गेलीस हे त्याच्यानंतर. तू माझ्यासाठी अकरा वर्षं बोलणी खाल्लीस आणि मी तुला पहिला निरोप हा दिला.

हे पत्र तुला लिहायला सोपं गेलं, कारण यातलं तुला सगळं ठाऊक होतं. जिला ठाऊक नाही, तिचं घर इथून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. मी हे कागद घडी करून तिच्या दारात टाकू शकते, आजच, चार वाजायच्या आत. टाकणार नाही. तिचा मघाशी फोन आला होता, रात्री झोप चांगली लागली म्हणाली, आणि पुढच्या गुरुवारी तीच भाजी कर म्हणाली. मी हो म्हटलं.